विजेची गाडी कोणासाठी?

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. पुण्याहून आलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने विजेवर चालणारी नवी मोटार वसतिगृहाच्या अंगणात उभी केली. मुलांनी तिच्याभोवती कडे केले. एवढी मोठी गाडी आवाज न करता कशी चालते, याचे त्यांना कोण नवल! परतीच्या प्रवासासाठी ती चार्ज करणे भाग होते, म्हणून स्वयंपाकघरातून वायर ओढली गेली. अर्ध्या तासात वसतिगृहाची वीज गेली आणि अभ्यासिकेतील साठ मुले अंधारात बसली. बिचारा ओशाळून म्हणाला, "सर, माझ्यामुळे झालं." मी म्हटले, "अरे, तुझ्यामुळे नाही, आपली वायरिंग तुझ्या वेळेपासूनचीच आहे." सगळे हसले. फ्यूज बदलला आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला.

याच मेळाव्यात एक सूचना पुढे आली. वर्धापन निधीतून संस्थेसाठी विजेवर चालणारे वाहन घ्यावे, म्हणजे पर्यावरणाची सेवाही होईल आणि संस्थेची शोभाही वाढेल, असे तिचे स्वरूप होते. सूचना चांगल्या मनाने केलेली होती. मला मात्र त्या अंधारलेल्या अभ्यासिकेचा विसर पडेना. एका गाडीला वीज मिळावी म्हणून साठ मुलांचा दिवा जातो, ही गोष्ट त्या दिवशी विनोद म्हणून खपली. आपल्या शहरांचा विचार करू लागलो की ती मला तेवढी विनोदी वाटत नाही.

शहरांतील हवा बिघडली आहे, हे आता सांगावे लागत नाही. सूक्ष्म धूलिकणांचे वार्षिक प्रमाण दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या देशाचे मानक २००९ पासून ४० आहे. म्हणजे आठपट मोकळीक आपण कायद्यानेच घेतली, आणि तीही अनेक शहरांना पाळता येत नाही. समुद्राचे वारे असलेली मुंबईही यातून सुटली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने मुंबईतील पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, याचा विचार करण्यास सांगितले आणि राज्य शासनाने त्यासाठी समिती नेमली. त्याच सुमारास लाकूड-कोळशावर चालणाऱ्या पावाच्या भट्ट्यांनाही इंधन बदलण्याची मुदत घालण्यात आली. भट्टीला मुदत मिळते आणि मोटारीला समिती मिळते, हे माझ्या वर्गातील एका मुलाने वर्तमानपत्र वाचताना टिपले होते. त्याला इतिहासात पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे मला वाटले.

विजेचे वाहन ही नवलाईची गोष्ट आहे, अशी आजच्या पिढीची समजूत आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून ती दुरुस्त करणे माझे काम आहे. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. 'बेस्ट' या नावातच वीजपुरवठा आणि ट्राम ही जोडी आहे. देशातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी गेली. १९६२ पासून नऊ वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर विजेच्या तारांना लटकून चालणाऱ्या ट्रॉलीबसगाड्याही होत्या. मग हे सारे गेले कुठे? ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम आगारात गेली. ट्राम रस्ता अडवते, मोटारींना जागा हवी, असा तो काळ होता. लंडननेही १९५२ च्या जुलैमध्ये आपल्या ट्रामगाड्या मोडीत काढून डिझेलच्या बस आणल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोळशाच्या धुराचे ते कुप्रसिद्ध धुके त्या शहरावर उतरले. पाच दिवसांच्या त्या धुक्याने हजारो माणसे गेली. ते धुके केवळ बसमुळे पडले असे कोणी म्हणणार नाही. घराघरांतील कोळसा हेच त्याचे मुख्य कारण होते. पण धूर न सोडणारे, सर्वांना परवडणारे वाहन दोन्ही शहरांच्या हाती होते आणि दोघांनीही ते टाकून दिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज आपण जे विकत घ्यायला निघालो आहोत, ते एकेकाळी आण्या-दोन आण्यांत गिरणी कामगाराला मिळत होते.

त्या विजेची किंमत कोणी दिली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या चिमण्यांविरुद्ध १९१२ मध्येच धूर-उपद्रवाचा कायदा झाला होता. त्यानंतर १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, गिरण्या विजेवर चालू लागल्या आणि कोळशाचा धूर कमी होण्यास मदत झाली. मुंबईच्या दृष्टीने ती प्रगतीच होती. परंतु याच साखळीतील पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातील गावे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली तेथील शेतकऱ्यांना सत्याग्रह करावा लागला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालेच. मुंबईत दिवे लागले आणि मावळातील माणसे विस्थापित झाली.

आजची मांडणी काही वेगळी आहे काय? आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अजूनही कोळशापासून होते. महाराष्ट्रात ती जळते कुठे, हे आपल्या वसतिगृहातील मुलांना विचारा. चंद्रपूरचे केंद्र २९२० मेगावॅटचे, खापरखेड्याचे १३४० मेगावॅटचे, आणि नागपूरच्या वेशीवर कोराडी. आपली कितीतरी मुले याच पट्ट्यातून येतात. तेथील आई सकाळी अंगणातील दोरीवरचे कपडे झटकते तेव्हा त्यातून काय उडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटला, राखेचा चिखल शेतांत आणि नदीत गेला. औष्णिक केंद्रांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूवर नियंत्रण आणण्याचे मानदंड केंद्र शासनाने २०१५ च्या डिसेंबरात ठरवले होते. दोन वर्षांची मुदत होती. ती मुदत पुढे पुढे ढकलली गेली आणि अखेर २०२५ च्या जुलैमध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना ती यंत्रणा बसवण्यापासून सूटच देण्यात आली. एकीकडे विजेच्या गाडीला सवलत आणि दुसरीकडे वीज करणाऱ्या चिमणीलाही सवलत! पुण्याच्या रस्त्यावरून धूर नाहीसा होईल हे खरे. पण त्यातला काही भाग चंद्रपूरला राहायला जाईल. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्या अंगणात तो जाईल, एवढाच फरक.

यावर विजेच्या गाडीचे समर्थक जे उत्तर देतात ते मी वाचले आहे आणि त्यात तथ्य आहे. विजेची मोटर इंधन जाळणाऱ्या इंजिनापेक्षा कितीतरी अधिक कार्यक्षम असते. शिवाय दाट वस्तीतल्या रस्त्यावर, नाकासमोर सुटणारा धूर हा दूरच्या उंच चिमणीतून सुटणाऱ्या धुरापेक्षा श्वासात अधिक जातो. सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसतशी तीच गाडी आपोआप अधिक स्वच्छ होत जाईल. डिझेलच्या गाडीला हे भाग्य नाही. तेव्हा माझा विरोध विजेच्या गाडीला नाही. ती कोणाला आधी मिळावी आणि सार्वजनिक पैसा कोणत्या गाडीवर खर्च व्हावा, हा माझा प्रश्न आहे.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो परक्याचा नाही, आपल्याच माणसांचा आहे. "सर, आमच्या तीन पिढ्या पायी चालल्या. आता कुठे दारात गाडी आली, तर तुम्ही पर्यावरण सांगता?" मागच्या मेळाव्यात हे वाक्य मला ऐकवले गेले आणि त्याने मी गप्प झालो. कारण वाहन हा आपल्या लोकांच्या दृष्टीने निव्वळ सोयीचा विषय कधीच नव्हता. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत. लहानपणी वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या त्या मुलांना मसूर स्टेशनवर कोणी बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. पुढे १९२९ मध्ये, बॅरिस्टर होऊन सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात गेले असता, चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतील लोकांनी टांगा भाड्याने घेऊन आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्याला सवय नव्हती. टांगा उलथला, बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. हा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग हाती घेताना काय वाटते, ते मला कळते. मीही पंचेचाळिसाव्या वर्षी पहिली दुचाकी घेतली, तेव्हा आईला मागे बसवून आधी विहारात नेले होते.

म्हणून गाडी घेऊ नका, असे सांगण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. पण मसूर आणि चाळीसगावच्या प्रसंगांत नाकारला गेला तो सार्वजनिक वाहनाचा हक्क होता. भाडे देऊन इतरांसारखे बसून जाण्याचा तो हक्क होता. तो हक्क आज कोणत्या स्थितीत आहे? मुंबईत बेस्टच्या ताफ्यात दशकभरापूर्वी चार हजारांहून अधिक बस होत्या, आज तीन हजारही नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. गोवंडी-मानखुर्दहून पहाटे कामाला निघणाऱ्या बाईला टांगेवाल्यासारखे कोणी नाही म्हणत नाही. फक्त बस येत नाही. दुसरीकडे विजेच्या वाहनांवरचा वस्तू व सेवा कर २०१९ पासून ५ टक्के आहे, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसना पथकर माफ केला. बसना माफी दिली हे योग्यच झाले. पण वीस-पंचवीस लाखांच्या खाजगी मोटारीला अटल सेतूवरून फुकट जाऊ देणे, हे कोणत्या समतेत बसते ते मला उमगलेले नाही.

दाटीच्या शहरात आणखी एक साधा हिशेब आहे, तो जागेचा. डिझेलची मोटार जेवढा रस्ता अडवते तेवढाच विजेची मोटारही अडवते. तिच्या टायरची झीज तेवढीच होते, किंबहुना बॅटरीच्या वजनाने थोडी अधिकच. रस्त्यावरची धूळ ती तशीच उडवते. दिल्लीचा अनुभव आपल्यापुढे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर तेथील बस आणि रिक्षा सीएनजीवर आल्या. २००२ अखेरपर्यंत बसचे काम पूर्ण झाले. त्या वेळी गॅससाठी रात्र-रात्र रांगेत उभे राहिले ते रिक्षावाले. हवा काही काळ सुधारली. पुढे खाजगी वाहनांची संख्या वाढतच गेली, इतर धूरही वाढला आणि दिल्लीची हवा कोठे पोहोचली ते आपण दर हिवाळ्यात वाचतो. निव्वळ इंधन बदलून भागत नाही, हे तेथे सिद्ध झाले आहे. याउलट चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ अखेरपर्यंत आपल्या सोळा हजारांहून अधिक बस, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या, विजेवर आणल्या. त्यांनी सुरुवात बसपासून केली.

धूर कोणाच्या छातीत जातो याचा विचार केला, तर क्रम आपोआप लागतो. पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारा सफाई कामगार, दिवसभर चौकात उभा असणारा वाहतूक पोलीस, फुटपाथवर भाजी विकणारी बाई, स्वतःच्याच रिक्षाच्या धुरात बारा तास बसणारा चालक. यांच्यापैकी कोणीही काचा वर करून वातानुकूलन लावू शकत नाही. सफाईच्या कामात आजही कोणत्या वस्त्यांतील माणसे आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावे असे नाही. आपल्या विद्यालयाच्या दाखल्यांच्या नोंदवहीत 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना पाहिला तरी पुरे. आणि माहुलचे उदाहरण तर आपल्या समोरच घडले. मुंबईतील जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलला नेऊन ठेवले. तेथील हवेचा धोका राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच मान्य केला होता. लोकांना दीर्घकाळ आंदोलन करावे लागले, तेव्हा २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना इतरत्र घर घेण्यासाठी भाडे द्यावे, असा आदेश दिला. महाडला चवदार तळ्याचे पाणी अडवले होते. तळ्याला काठ असतो, तो ओलांडता येतो. हवेला काठ नाही, तरी तिची वाटणी वस्ती पाहूनच होते.

म्हणून मला वाटते की आधी बस, मग रिक्षा, मग कचरागाड्या आणि मालाचे टेम्पो, आणि सर्वांत शेवटी खाजगी मोटार, या क्रमाने सार्वजनिक पैसा जावा. पुण्यात २०१९ पासून विजेच्या बस चालू आहेत. ज्यांनी त्यातून प्रवास केला आहे ते सांगतील की, स्टॉपवर उभे असताना तोंडावर धुराचा लोट येत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. रिक्षाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नागपुरात २०१७ साली विजेच्या टॅक्सींचा प्रयोग मोठ्या गाजावाजाने सुरू झाला, पण चार्जिंगच्या रांगा आणि बुडणारा वेळ यांबद्दल चालकांच्या तक्रारी लगेचच येऊ लागल्या. आपला एक माजी विद्यार्थी ई-रिक्षा चालवतो. तो मला म्हणाला, "सर, धूर नाही, डोकं दुखत नाही, हे खरं आहे. पण बॅटरी संपली की नवी घ्यायला कर्ज, आणि बँक आम्हाला दारात उभी करत नाही." चार्जिंगची सोय वस्तीत हवी आणि कर्जाचा व्याजदर मोटारवाल्याइतका तरी हवा, एवढेच त्याचे मागणे आहे. धोरण आखणाऱ्यांनी त्याला विचारले असते, तर त्यांची बरीच पाने वाचली असती.

विजेचा प्रश्न मात्र केवळ पर्यावरणवाद्यांचा म्हणून आपण सोडून देऊ नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते. केंद्रीय तांत्रिक ऊर्जा मंडळ १९४४ मध्ये त्यांच्याच काळात उभे राहिले. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, कारण तिच्यावाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून या देशातील दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या समाजात हा भाग जयंतीच्या भाषणांतही फार क्वचित येतो, याची मला खंत वाटते. वीज कोण तयार करते, तिची राख कोठे पडते आणि तिचा प्रकाश कोणाच्या घरात जातो, हे विचारणे त्यांच्याच कामाचा पुढचा भाग आहे.

आता निधीचा प्रश्न. माझी सूचना अशी आहे. संस्थेसाठी शोभेची मोटार घेऊ नये. वाहन घ्यायचेच तर विजेवर चालणारी, मुलांना नेणारी लहान बस घ्यावी. ती सकाळी बसस्टँडपासून मुलांना आणील आणि रविवारी गावात ज्यांची दवाखान्याची कामे असतात त्यांनाही नेईल. पण त्याआधी वसतिगृहाची वायरिंग बदलावी आणि दक्षिणेकडच्या छतावर सौर पॅनेल बसवावेत. म्हणजे बसचे चार्जिंग मुख्यतः दुपारी, आपल्याच छतावरच्या उन्हावर होईल आणि अभ्यासिकेचा दिवा जाणार नाही. दोन्ही एकदम जमत नसेल, तर छत आधी आणि बस पुढच्या वर्षी. ज्यांच्याकडे आज विजेची मोटार आहे त्यांनी मेळाव्याला ती जरूर आणावी. मुलांना त्यात बसवून एक चक्कर मारावी. फक्त चार्जिंग गावातल्या केंद्रावर करून यावे, ही हात जोडून विनंती.

या सूचनेचा लेखी मसुदा मी विद्यालयाच्या कार्यालयात दिला आहे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात त्यावर चर्चा आहे. ज्यांना तो पटत नाही त्यांनी आवर्जून यावे; विशेषतः मागच्या वेळी मला गप्प करणाऱ्याने. आणि खापरखेडा, कोराडी, चंद्रपूरच्या पालकांनी पुढच्या ओळीत बसावे.